नवऱ्याचं तिथे काय काम?

प्रसूतितज्ज्ञाच्या कुठल्याही दवाखान्यात हेच दिसतं. बायको आत, सोबत आई किंवा सासू, आणि नवरा बाहेर गाडीला टेकून मोबाइल बघत उभा. त्याला हाक येते ती बिलासाठी. ‘हे बायकांचं काम, आपण ने-आण करायची’ हा गैरसमज इतका मुरलाय की तो गैरसमज वाटतच नाही.

‘गरोदर ती आहे, माझं रक्त कशाला?’ असं विचारणाऱ्यांनी आधी रक्तगटाचं बघावं. बायकोचा आरएच निगेटिव्ह आणि नवऱ्याचा पॉझिटिव्ह असेल, तर बाळ पॉझिटिव्ह असू शकतं. बाळाच्या रक्तपेशी आईच्या रक्तात मिसळल्या की तिचं शरीर त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. पहिलं बाळ बहुधा सुटतं, भोगावं लागतं पुढच्याला. म्हणून अँटी-डीचं इंजेक्शन साधारण 28व्या आठवड्यात देतात आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं, तर बाळंतपणानंतर 72 तासांच्या आत पुन्हा. गर्भपात झाला तरी ते लागू शकतं, आणि नेमकं तेव्हाच दुःखात ते राहून जातं.

थॅलेसेमिया आणि सिकलसेलचंही तसंच. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल बराच आढळतो. वाहक माणूस सहसा ठणठणीत असतो, त्यामुळे तपासल्याशिवाय कळत नाही. दोघंही वाहक असतील, तर दर गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के. पहिलं मूल धडधाकट निघालं म्हणून दुसऱ्याची हमी नसते. बायको वाहक निघाली की नवऱ्याने लगेच रक्त द्यावं, टाळाटाळ करू नये. सिफिलिसमध्ये तर तिच्यावर उपचार होऊन नवरा तसाच राहिला, तर तिला पुन्हा लागण होते.

‘मी घरात ओढत नाही, गॅलरीत जातो.’ गॅलरीचं दार घरातच उघडतं. दुसऱ्याच्या सिगारेटच्या धुरानेही बाळाचं वजन कमी भरू शकतं.

‘दोन जिवांचं खा’ म्हणत ताट भरणाऱ्या घरांना आयसीएमआरचा हिशेब सांगायला हवा: गरोदरपणात रोज सुमारे 350 कॅलरी जास्त. म्हणजे एखादी भाकरी आणि वाटी-दीड वाटी उसळ. केशराने बाळ गोरं होत नाही, ते पैसे अंडी-डाळीवर घालवा. खरं लक्ष हवं ते लोहाच्या गोळीकडे. ती किमान 180 दिवस घ्यायची असते. चहासोबत घेतली तर लोह नीट शोषलं जात नाही, कॅल्शियमच्या गोळीबरोबरही नाही. दोन्हींत काही तासांचं अंतर ठेवा. गोळीने शौचाला काळी होते आणि घाबरून कित्येकजणी ती बंद करतात. हे नवऱ्याला ठाऊक असेल, तर गोळी चालू राहते.

मुलगी झाली की बोट सुनेकडे जातं. बाळाचं लिंग ठरतं ते पुरुषाच्या शुक्राणूतल्या एक्स किंवा वाय गुणसूत्राने. तेव्हा सासूबाईंनी जाब विचारायचाच असेल, तर लेकाला विचारावा! (आधी लिंग तपासून घेणं हा गुन्हा आहेच.)

शेवटचा गैरसमज सातव्या महिन्यातला: ओटी भरली, माहेरी सोडलं, सुटलो. उच्च रक्तदाबाचा धोका विसाव्या आठवड्यानंतरच डोकं वर काढतो. तेव्हा फोनवर नुसतं ‘जेवलीस का?’ विचारून भागणार नाही. बीपी किती आलं? डोकं खूप दुखतंय का, डोळ्यांपुढे अंधारी येते का, चेहरा-हात सुजलेत का, बाळ नेहमीसारखं हलतंय का? बीपी 140/90 किंवा त्याहून जास्त असेल, रक्तस्राव झाला किंवा पाणी गेलं, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

तिला सोडायला जाताना फाइल आणि माता व बाल संरक्षण कार्ड सोबत द्या, सगळ्या रिपोर्टांचे फोटो स्वतःकडे ठेवा. सरकारी दवाखान्यांत दर महिन्याच्या 9 तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात मोफत तपासणी होते. तिच्या माहेराजवळ सिझेरियन आणि रक्ताची सोय कुठल्या रुग्णालयात आहे, तेही आत्ताच विचारून ठेवा. आणि 102 व 108 हे रुग्णवाहिकेचे नंबर सासऱ्यांच्या मोबाइलमध्ये आजच टाकून द्या.