भिंतीवरचे पापुद्रे

नाशिकच्या गंगापूर रोड, कॉलेज रोड, इंदिरानगर या भागांतल्या फ्लॅटांत मधल्या काळात एक टूम निघाली होती. हॉलमधली टीव्हीमागची, नाहीतर बेडरूममधली पलंगाच्या उशाकडची एकच भिंत ‘वेगळी’ करायची. तिच्यावर सोनेरी वेलबुट्टीचा किंवा विटांच्या चित्राचा वॉलपेपर चिकटवायचा. काही पावसाळे गेले की सांधे उकलतात, कोपरा कुरळा होतो. मग रंगसफेदीचा विषय निघतो आणि घरातलं कोणीतरी तो कोपरा चिमटीत धरून ओढतं. कागद निघतो, पण त्याच्या पाठीला चिकटून पुट्टीचा तळहाताएवढा पोपडाही येतो. रंगाऱ्याचा हिशेब इथून फुगायला लागतो.

ओढण्याआधी काय करायचं, हे खरं तर नाशिककरांना सांगायला नको. देशाची टपालतिकिटं 1926 पासून नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापली जाताहेत. त्याआधी ती लंडनच्या डी ला रू कंपनीकडून येत. तिकिटं जमवणाऱ्या पोरालाही ठाऊक असतं की पाकिटावरचं तिकीट सोलायचं नसतं. पाकिटाचा तुकडा कापून पाण्याच्या बशीत सोडायचा. डिंक भिजला की तिकीट आपणहून सुटतं. भिंतीचंही तंत्र हेच, फक्त भिंत बशीत बुडवता येत नाही.

शिवाय हल्लीचा वॉलपेपर पाणी पीत नाही. त्याचा वरचा पापुद्रा व्हिनाइलचा, म्हणजे प्लॅस्टिकचा असतो. त्यावर कितीही पाणी मारा, ओघळून फरशीवर येतं. म्हणून आधी तो वरचा पापुद्रा कोरडाच, कोपऱ्यातून हलक्या हाताने सोलून काढायचा. मागे कागदी अस्तर उरतं. त्यावर फवाऱ्याने कोमट पाणी मारायचं, पंधरा-वीस मिनिटं थांबायचं, पुन्हा मारायचं. अस्तराचा रंग आधी गडद होतो, मग त्यावर बारीक फुगे धरतात. हे फुगे दिसले की रुंद पत्रा भिंतीशी जवळजवळ आडवा धरून पुढे सरकवायचा. अस्तर पत्र्यापुढे गुंडाळत येतं. पत्रा उभा धरला की भिंतीत चर पडलाच. कागद गेल्यावर भिंतीवरून हात फिरवावा. बुळबुळीत लागलं तर खळ अजून शिल्लक आहे. ती स्पंजने, पाणी बदलत बदलत पुसून काढावी लागते, आणि नेमकं हेच काम उधड्या कंत्राटात टाळलं जातं. खळीवर मारलेला रंग वाळताना ताणला जाऊन तडकतो, आणि दोष मात्र रंगाच्या डब्याला मिळतो. (न विणलेल्या कापडासारख्या अस्तराचे काही कागद कोरडेच अखंड निघतात. मागे गोंद असलेल्या तयार शीटला पाणी नको, केस वाळवायच्या ड्रायरची ऊब पुरते.)

पाण्यालाही मर्यादा आहे. खाली सिमेंटची पुट्टी असेल तर ती भिजणं सोसते. पीओपी किंवा जिप्समचा हात असेल तर तो पाण्याने मऊ पडतो आणि पत्र्याखाली साबणासारखा निघून येतो. कपाटामागच्या कोपऱ्यात ओलं बोट घासून पाहिलं की कळतं. स्विचबोर्डाजवळ फवारा मारण्याआधी मेन स्विच बंद करायचा, हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

कागद निघाल्यावर मागे काळे ठिपके दिसले तर प्रश्न कागदाचा उरत नाही. नाशिक शहरात वर्षाला 700 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. इगतपुरीच्या मानाने हे काहीच नाही, पण पश्चिमेची झड खाणाऱ्या भिंतीला तेवढाही पुरतो. बाहेरच्या भेगेतून आलेली ओल आतल्या बाजूने वाळू पाहते, तिथे प्लॅस्टिकचा पडदा आडवा येतो. वर पिठूळ खळ हा बुरशीला आयता खाऊ. युरोपात ओला कागद आणि बुरशी या जोडीने लोक आजारी पाडले आहेत. शेले या रसायनशास्त्रज्ञाने 1775 मध्ये तयार केलेला आर्सेनिकयुक्त हिरवा रंग तिथल्या वॉलपेपरांवर सर्रास असे. ओलसर कागदावरची बुरशी त्यापासून विषारी वायू तयार करते, हे गोसिओ या इटालियन वैज्ञानिकाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दाखवून दिलं.

जुन्या नाशकात, सराफ बाजार, भद्रकाली, तांबट आळीकडच्या वाड्यांत वॉलपेपर कधी रुजला नाही. तिथे पापुद्रे निराळे. मातीच्या भिंतीला आणि फडताळांना जुनी वर्तमानपत्रं खळीने चिकटवत; कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालत. बाकी भिंतींना दरसाल चुना. चुनकळी पाण्यात विरवायची, त्यात थोडी नीळ, थोडा डिंक किंवा सरस, आणि कुंचा. हा चुना हवेतला कार्बन डाय ऑक्साइड शोषून पुन्हा चुनखडीच होतो, आणि त्याच्या थरांतून भिंतीतली वाफ ये-जा करू शकते. असे कितीही थर साचले तरी ते खरवडायची गरज नसते. सुटलेलं तेवढं झाडायचं. पुढे डिस्टेंपर आलं आणि त्याच्याबरोबर कंबरेएवढ्या उंचीचा ऑइलपेंटचा पट्टा आला. पुसायला सोपा म्हणून घरोघरी तो आवडला. माझ्या मते वाड्यांच्या भिंतींचं सगळ्यात जास्त नुकसान त्या पट्ट्याने केलं.

कारण गोदावरी. नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी आलं आणि सरकारवाड्याच्या किती पायऱ्या बुडाल्या, यावर इथे पुराची मोजदाद होते. 2008, 2016, 2019 च्या पुरांत नदीकाठची वस्ती भिजली. पांढऱ्या मातीची आणि विटांची जाड भिंत पाणी पिते आणि हळूहळू सोडते. चुन्याची भिंत हे करू शकते. ऑइलपेंटखालची भिंत करू शकत नाही. ओल मग पट्ट्याच्या वरच्या कडेला फुटते, तिथे लोणा धरतो आणि गिलावा पिठासारखा गळतो. असा रंग काढावा लागतोच, पण घासकागदाने कोरडा घासून नव्हे. घरगुती रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची मर्यादा आपल्याकडे 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. त्याआधीच्या दारं-खिडक्यांच्या रंगाची धूळ लहान मुलांच्या पोटात जाणं धोक्याचं. ओलं करून खरवडावं आणि खरवड पिशवीत भरून बांधावी.

राखायला म्हणून दिलेला थर पुढे डोईजड होतो, याचा सगळ्यात महागडा धडा अजिंठ्याचा. निजामाच्या पुरातत्त्व खात्याने 1920 ते 1922 च्या दरम्यान चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना बोलावलं. सुटत चाललेला रंग धरून ठेवायला त्यांनी चपडी लाखेचा हात दिला. तेव्हा चित्रं उजळली. पुढे लाख पिवळी-तपकिरी पडली, तडकली, आणि वळताना खालचा रंगही उचलू लागली. ती काढण्याचं काम भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांना नंतर कित्येक वर्षं पुरलं. अजिंठ्याची चित्रं मातीच्या कोरड्या गिलाव्यावर, सरसासारख्या बांधणीत रंगवलेली. म्हणजे पाणी लावायची सोय नाही. लाख विरघळेल पण सरस विरघळणार नाही असा द्राव निवडायचा, आधी नखाएवढ्या जागेवर करून पाहायचा, मग बोटभर पुढे. चांदवडच्या होळकर वाड्यासारख्या, रंगमहाल म्हणूनच ओळखल्या जाणाऱ्या वास्तूंतही चित्रांच्या भिंतीला हात लावायची रीत हीच. वाड्यातल्या चुन्याखाली वेलपत्तीचा रंग डोकावला, तर पत्रा खाली ठेवून जाणकाराला बोलवावं.

फ्लॅटच्या भिंतीला एवढी सबुरी लागत नाही, पण वाळायला वेळ लागतो. कागद काढल्यावर तिथे हातभर प्लॅस्टिकचा तुकडा चारी कडांनी टेपने चिकटवून 24 तास ठेवावा. आतून दव धरलं तर भिंत अजून ओली आहे. प्रायमर थांबवायचा आणि गच्चीचा उतार, बाहेरच्या भेगा, बाथरूमचे पाइप तपासायचे. पावसाळा नुकताच संपलेला असताना ही परीक्षा नापास होण्याचा संभव जास्त. होळीनंतरच्या कोरड्या हवेत भिंत लवकर वाळते, आणि तेव्हा रंगारीही रिकामे असतात, भावात घासाघीस करू देतात.