विंडोज, उबुंटू, मॅक: फुली कुठे गेली?

आजचा विषय डेस्कटॉप. आपल्या नंदुरबारकडे, शहादा असो की धडगाव, बऱ्याच जणांच्या हातात आधी मोबाईल येतो आणि कॉम्प्युटर नंतर, एमएस-सीआयटीच्या क्लासमध्ये. तिथे विंडोज शिकतो, पुढे कॉलेजच्या लॅबमध्ये उबुंटू निघतं, आणि नोकरीत कुणी थेट मॅकबुक हातात देतं. मग वाटतं, आपल्याला कॉम्प्युटर येतच नाही. तसं नसतं. वस्तू बहुतेक त्याच असतात, जागा बदललेल्या असतात.

आधी विंडो बंद करायची फुली बघू. विंडोजमध्ये ती उजवीकडे वर असते, मॅकमध्ये तिच्या जागी डावीकडे लाल ठिपका. उबुंटूने तर २०१० मध्ये ही बटणं डावीकडे नेली आणि २०१७ मध्ये परत उजवीकडे आणली! म्हणजे हा सवयीचा मामला. पण एक फरक लक्षात ठेवा: मॅकवर लाल ठिपका दाबला तरी ॲप बऱ्याचदा मागे चालूच राहतं. पूर्ण बंद करायला कमांड आणि क्यू.

दुसरं, मेनू. विंडोजमध्ये तो त्या-त्या विंडोच्या आत असतो, मॅकमध्ये कायम स्क्रीनच्या वरच्या कडेला. का? माउस कितीही जोरात वर ढकला, बाण कडेलाच थांबतो, नेम चुकत नाही. मोबाईलवर बोटाला असा अडसर नसतो, म्हणून तिथे बटणं मोठी लागतात.

हाच फरक मायक्रोसॉफ्टला महागात पडला. २०१२ च्या विंडोज ८ मध्ये त्यांनी टचसाठी मोठ्या चौकोनांची स्क्रीन दिली आणि १९९५ पासूनचं स्टार्ट बटण काढलं. माउसवाले लोक वैतागले. २०१३ मध्ये बटण परत आलं, २०१५ च्या विंडोज १० मध्ये मेनूही.

तर नवीन मशीनसमोर बसलात की घाबरू नका. विंडोज आणि उबुंटूमध्ये विंडोजचं चिन्ह असलेली की दाबा, मॅकवर कमांड आणि स्पेस, आणि हव्या त्या ॲपचं नाव टाईप करा. कॉपीला कंट्रोल-सी, मॅकवर कमांड-सी. एवढ्यावर पहिला दिवस निघतो, बाकीचं हाताला आपोआप सापडतं.

भेटू पुढच्या भागात!