उथळ पाण्यातील डॉल्फिन

सिंधुदुर्गात निवती-देवबाग परिसरात होडीतून दिसणारे डॉल्फिन बहुधा हिंदी महासागरी कुबडधारी जातीचे असतात, आणि पाठीवरील लांबट उंचवट्यावर असलेला लहान पर ही त्यांची सहज ओळखू येणारी खूण होय. ही जाती खोल समुद्रात फारशी जात नाही; खाड्यांच्या मुखाशी, किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात ती मासे शोधते, त्यामुळे मासेमारीची जाळी आणि पर्यटकांच्या होड्या नेमक्या तिच्या वावराच्या पट्ट्यातच येतात. गढूळ पाण्यात हा प्राणी प्रतिध्वनिवेधाचा, म्हणजे स्वतः सोडलेल्या ध्वनीच्या परतलेल्या प्रतिध्वनीवरून भक्ष्याचा ठाव घेण्याच्या क्षमतेचा, आधार घेतो; इंजिनांचा गोंगाट त्याच्या श्रवणातच अडथळा आणतो, म्हणून होड्यांनी केलेला पाठलाग हा केवळ उपद्रव नसून उपासमारीचे कारणही ठरू शकतो. पर्यटकांनी नावाड्याला वेग कमी ठेवण्यास व कळपाची वाट न अडवण्यास आवर्जून सांगावे.