परसातील आगटी : जांभ्याच्या भूमीत शेकोटीची आखणी आणि उभारणी

रत्नागिरी : थंडीच्या दिवसांत अंगणात आगटी पेटवून तिच्याभोवती गप्पांचा फड जमवणे ही कोकणातील जुनी रीत आहे. पालापाचोळा, नारळाची सोडणे आणि चार वाळकी लाकडे एवढ्यावर ती भागत असे. अलीकडे गावाकडे दुसरे घर बांधणारे चाकरमानी आणि निवास-न्याहारीच्या व्यवसायात उतरलेली कुटुंबे परसात कायमस्वरूपी, बांधीव आगटीची मागणी करू लागली आहेत. दिसायला हे काम चार चिरे रचण्याइतके सोपे वाटते. परंतु पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, दगडात मुरणारे पाणी, खारी हवा आणि जानेवारीपासून वाळत जाणारे सड्यावरचे गवत यांचा विचार न करता बांधलेली आगटी एक तर दोन हंगामांत ढासळते, किंवा शेजारच्या आंबा-काजूच्या बागेला वणव्याच्या तोंडी देते. म्हणूनच तिची आखणी नीट समजून घेणे आवश्यक ठरते.

जागेची निवड

आगटीच्या बाबतीत बांधकामापेक्षा जागा अधिक महत्त्वाची असते. अमेरिकेत प्रचलित असलेल्या आदर्श अग्निसंहितेत उघड्यावरील अशा शेकोटीसाठी इमारतीपासून किमान २५ फुटांचे अंतर सांगितले आहे. जळणाच्या राशीचा व्यास ३ फुटांहून आणि उंची २ फुटांहून अधिक नसावी, असेही तीत नमूद आहे. आपल्याकडे हाच दंडक डोळ्यांसमोर ठेवणे हिताचे. घराचे लाकडी वासे, गवताची गंज, लाकडांची खोप आणि झावळ्यांचा मांडव या साऱ्यांपासून हे अंतर मोजावे. आंबा, फणस वा माडाच्या विस्ताराखाली आगटी कदापि नसावी. ज्वाळा फांदीपर्यंत पोहोचल्या नाहीत तरी उष्णतेने पालवी व मोहोर करपतो आणि माडाच्या शेंड्याला लोंबणारी सुकी झावळी एका ठिणगीने पेटू शकते. डोक्यावरून विजेची तार जात असेल, तर ती जागा बाद समजावी.

यानंतर वाऱ्याचा विचार करावा लागतो. किनारपट्टीवर दिवसा समुद्राकडून जमिनीकडे खारे वारे वाहतात. सूर्यास्तानंतर जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते, वारा मंदावतो आणि उत्तररात्री जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे सुरू होतात. म्हणजेच एकाच रात्रीत धुराची दिशा उलटते. संध्याकाळी शेजाऱ्याच्या ओटीवर जाणारा धूर रात्री आपल्याच खिडकीत शिरू शकतो. शिवाय डोंगरउतार, गडगे आणि झाडे यांमुळे प्रत्येक परसातील वारा थोडा वेगळा असतो. यासाठी चार-पाच दिवस संध्याकाळी आणि रात्री नियोजित जागी उदबत्ती लावून धुराचा कल पाहावा व मगच खुंटी ठोकावी.

घर सड्यावर असेल, तर आणखी एक दक्षता आवश्यक आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील अनेक सड्यांवर प्राचीन कातळशिल्पे आढळली असून, कोकणातील कातळशिल्पांचा समावेश २०२२ मध्ये ‘युनेस्को’च्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाला आहे. उघड्या कातळावर खोदकाम करण्यापूर्वी वा आग पेटवण्यापूर्वी माती-गवत दूर करून पृष्ठभाग नीट पाहावा. आगीच्या धगीने कातळाचे पापुद्रे सुटतात आणि झालेली हानी भरून येत नाही.

चिरा दिसायला देखणा, पण...

रत्नागिरीत बांधकाम म्हटले की जांभा दगडाचा चिरा आलाच. फ्रान्सिस बुकानन याने १८०७ मध्ये या दगडाला ‘लॅटराइट’ हे नाव दिले. ते ‘वीट’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आले आहे. खाणीतून काढताना हा दगड तासण्याजोगा मऊ असतो आणि हवा लागल्यावर कठीण होतो. विटेसारखा वापरता येत असला, तरी तो विटेसारखा भाजलेला नसतो, ही बाब आगटी बांधताना विसरली जाते.

जांभा सच्छिद्र असल्याने पावसाळाभर पाणी धरून ठेवतो. हे पाणी अचानक तापले की त्याची वाफ होते, तिला बाहेर पडण्यास वाट मिळाली नाही तर दगडाला तडे जातात आणि कपचे उडतात. याशिवाय जांभ्यातील लोहाच्या काही खनिजांच्या घडणीतच पाणी असते. साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास तेही निघून जाते आणि दगडाचा पोत बदलतो. उघड्या जाळाजवळ एवढे तापमान सहज गाठले जाते. नदीतील गोटे तर याहून धोकादायक असतात. दिसायला गुळगुळीत आणि भक्कम असले, तरी आत पाणी मुरलेले गोटे तापल्यावर फुटून त्यांचे तुकडे उडू शकतात. सिमेंटचा गिलावाही सततच्या उष्णतेने भुसभुशीत होतो.

यावरील उपाय म्हणजे दुहेरी भिंत. बाहेरून चिरा आणि आतून बाजारात ‘फायर ब्रिक’ या नावाने मिळणाऱ्या उष्णतारोधक विटांचे अस्तर द्यावे. या विटा सिमेंटमध्ये न बसवता त्यासाठीच्या उष्णतारोधक मातीत बसवाव्यात. दोन्ही भिंतींमध्ये इंचभर पोकळी ठेवावी, म्हणजे आतील विटांना तापून प्रसरण पावण्यास वाव मिळतो आणि बाहेरचा चिरा तुलनेने थंड राहतो. एवढा खर्च करायचा नसेल, तर भट्टीत पक्क्या भाजलेल्या साध्या विटा वापरून त्यांवर चुलीप्रमाणे मातीचे लिंपण करता येते. मात्र हे अस्तर दरवर्षी तपासून दुरुस्त करावे लागते.

प्रत्यक्ष उभारणी

चिरा मुळात चौकोनी असल्याने गोल आगटीसाठी प्रत्येक चिरा तासावा लागतो, त्यामुळे मजुरी वाढते. चौकोनी आकार सोयीचा आणि तुळशीवृंदावनाच्या अंगणाला साजेसाही ठरतो. आतून ३ फूट लांब-रुंद आणि दीड फूट खोल आगटी सात-आठ जणांना पुरेशी होते. विटेचे अस्तर, पोकळी आणि चिऱ्याची जाडी धरून बाहेरचे माप सुमारे सव्वापाच फूट होते. अस्तरासाठी ९ इंची विटा पट्ट बसवून सहा थर द्यायचे झाल्यास साधारण शंभर ते सव्वाशे विटा लागतात.

प्रथम खुंट्या आणि दोरीने सहा फुटांचा चौरस आखून फूटभर खोदाई करावी. तळाशी सहा इंच खडी घालून ती धुमसाने ठोकून घ्यावी. याच थरावर दोन्ही भिंती उभ्या राहतात. त्यामुळे आगटीची सहा इंच खोली जमिनीखाली आणि फूटभर उंची जमिनीवर येते. आतील तळाला फरसबंदी वा काँक्रीट करू नये. खडीवर दोन-तीन इंच कोरडी वाळू पसरणे पुरेसे असते. मातीच्या जमिनीत पावसाचे पाणी खडीतून मुरून जाते. कातळ असेल तर पाणी मुरत नाही, म्हणून उताराच्या बाजूने तळातून एक पाइप बाहेर काढणे अनिवार्य आहे. अन्यथा जूनमध्येच आगटीचे डबके होते आणि डासांची पैदास सुरू होते.

जमिनीलगतच्या थरात चारही बाजूंना दोन-तीन इंचांचे एकेक झरोके ठेवावेत. चुलीत फुंकणी जे काम करते, तेच काम हे झरोके करतात. बुडातून हवा मिळाली की लाकूड धुमसण्याऐवजी पेट घेते आणि धूर कमी होतो. बाजारात मिळणाऱ्या पत्र्याच्या ‘बिनधुराच्या’ आगटीतही तत्त्व हेच असते. तिच्या दुहेरी पत्र्यांमधून वर चढणारी हवा तापते, वरच्या कडेच्या छिद्रांतून आत येते आणि न जळलेला धूर तेथे जळून जातो. तथापि समुद्रालगतच्या खाऱ्या हवेत साधा पत्रा लवकर गंजतो, हे लक्षात घ्यावे.

बैठकीचे कट्टे आगटीच्या कडेपासून निदान चार फूट दूर असावेत. त्यामधील जमिनीवर हिरवळ न लावता खडी वा चिऱ्यांची फरशी करावी. कट्टे चारही बाजूंनी बंद न करता वाऱ्याच्या दिशेची एक बाजू मोकळी ठेवल्यास धूर कोंडत नाही आणि प्रसंगी झटकन दूर होता येते.

काय जाळावे, काय जाळू नये

किमान वर्षभर वाळवलेले लाकूड आगटीसाठी उत्तम. करवंट्या झटकन पेटतात आणि कडक धग देतात, तर सोडणे धुमसत राहतात. काजूचे लाकूड आणि विशेषतः काजूबियांची टरफले मात्र टाळावीत, कारण टरफलांतील दाहक तेलाचा धूर डोळे, त्वचा आणि श्वसनमार्गाला झोंबतो. बिब्बा, कण्हेर आणि खाडीकाठचा हुरा यांनाही आगटीत स्थान नाही. रंगवलेल्या फळ्या, प्लायवूड आणि प्लॅस्टिक यांतून विषारी वायू निघतात.

जळणासाठी स्वतःच्या जमिनीतील झाड तोडतानाही कायद्याचे भान हवे. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत आंबा, फणस, खैर, ऐन, किंजळ, जांभूळ आदी झाडांचा समावेश असून, ती परवानगीविना तोडता येत नाहीत.

ठिणगीची जबाबदारी

जानेवारी ते मे या काळात कोकणातील वणव्यांत वर्षानुवर्षे जोपासलेल्या आंबा-काजूच्या बागा काही तासांत होरपळतात. हापूसचे कलम पुन्हा भरघोस उत्पन्नाला येण्यास कित्येक वर्षे जातात. त्यामुळे बागायतदार बागेभोवती गवत काढून जाळरेषा ठेवतात. हाच नियम आगटीला लावून तिच्याभोवती दहा फुटांचा पट्टा गवत-पाचोळ्यापासून मुक्त ठेवावा. वारा वाहता असेल त्या दिवशी आगटी पेटवूच नये. पाण्याच्या दोन भरलेल्या बादल्या आणि फावडे हाताशी असावे. गावात अग्निशमन बंब पोहोचेपर्यंत वेळ जातो, याची जाणीव ठेवणे इष्ट.

सर्वाधिक दुर्लक्ष होते ते विझवण्याकडे. वरून राखाडी दिसणाऱ्या राखेखाली निखारे कित्येक तास जिवंत राहतात आणि पहाटेच्या वाऱ्याने पुन्हा फुलतात. म्हणून पाणी ओतून, राख ढवळून पुन्हा पाणी घालावे आणि हाताला धग लागत नाही याची खात्री करूनच झोपावे. काढलेली राख पाचोळ्याच्या ढिगावर टाकू नये. निखाऱ्यांची शेगडी उबेसाठी बंद खोलीत नेणे तर जिवावर बेतू शकते, कारण त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग वा वास नसतो. आगीबाबत निष्काळजीपणा करून इतरांच्या जीविताला धोका निर्माण करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८७ अन्वये गुन्हा असून, त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

पावसाळ्यापूर्वी आणि नंतर

मृग लागण्यापूर्वी आगटीतील सर्व राख काढून टाकावी. ओली राख क्षारयुक्त असल्याने लोखंडी जाळी लवकर खराब होते. वर उतरते झाकण ठेवून मधून हवा खेळती राहील अशी व्यवस्था करावी. पाऊस सरल्यावर पहिल्याच दिवशी मोठा जाळ करू नये. दोन-तीन संध्याकाळी काटक्यांचा लहान जाळ करून विटा व चिरे हळूहळू सुकू द्यावेत. बहुतेक तडे याच पहिल्या जाळात जातात.

शिमग्याचा होम गावोगावी ठरलेल्या जागीच आणि सर्वांच्या देखत पेटतो. आगीला निश्चित जागा हवी आणि तिच्यापाशी जागे माणूस हवे, हे शहाणपण त्या प्रथेत आहे. परसातील आगटी कितीही हौसेने बांधलेली असली, तरी तिला हे दोन्ही नियम लागू होतात.