सेकंडहँड कॉम्प्युटर घेताय? आधी मॉनिटर आणि ग्राफिक्स कार्ड तपासा



आपल्या वैजापूर तालुक्यातले काही गट आता स्वतःचा कॉम्प्युटर घ्यायचं म्हणतायत. कुणाला हिशोब आणि ऑनलाइन फॉर्मसाठी हवाय, कुणाला मसाल्याच्या पाकिटाची लेबलं घरीच बनवायचीत, तर कुणाची मुलगी व्हिडिओ एडिटिंग शिकतेय. नवा परवडत नाही म्हणून जुना घ्यायचा विचार होतो. त्यात वाईट काही नाही. पण दुकानदाराने चालू करून दाखवला म्हणजे तो तपासून झाला, असं नसतं. कांद्याची गोणी आपण वरचे चार कांदे बघून घेत नाही, आत हात घालतो. इथेही तेच करायचं. पैसा गटाचा आहे, एकेकीच्या बचतीतून आलेला आहे.

कार्ड खरंच लागतं का?

मॉनिटर म्हणजे समोरचा पडदा. त्यावर दिसणारं चित्र तयार करण्याचं काम ग्राफिक्सचा भाग करतो. ग्राफिक्स भाकरी थापतं आणि मॉनिटर ताटात वाढतो, असं समजा. साधा मॉनिटर एका सेकंदात ६० चित्रं दाखवतो, त्याला ६० हर्ट्झ म्हणतात. कार्डाने सेकंदाला १०० चित्रं बनवली तरी आपल्याला ६०च दिसणार.

बऱ्याच कॉम्प्युटरमध्ये प्रोसेसरच्या आतच ग्राफिक्सची सोय असते. हिशोब, फॉर्म, पत्रं, व्हिडिओ कॉल, साधी लेबलं एवढ्याला ती पुरते. वेगळं कार्ड लागतं ते मोठं व्हिडिओ एडिटिंग, थ्रीडी डिझाइन किंवा गेमसाठी. "ताई, यात गेमिंगचं कार्ड आहे" म्हणून कुणी जास्त पैसे सांगितले, तर आपल्या कामाला ते लागतं का, हे आधी विचारा.

मॉनिटरची तपासणी

मॉनिटर निदान वीस मिनिटं चालू राहू द्या. काही दोष तापल्यावरच दिसतात. मग हे करा:

१. पूर्ण पडद्यावर एकच रंग आणा. पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा असे पाच फोटो मोबाइलवर आधीच करून न्या आणि एकेक फुल स्क्रीन करून बघा. फुल एचडी मॉनिटरवर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात. पांढऱ्यावर काळा ठिपका दिसला तर तो मेलेला. काळ्यावर रंगीत ठिपका चमकला तर तो अडकलेला. कोपऱ्यात एखादा असेल तर भाव कमी करून घ्या. मधोमध किंवा बरेच असतील तर नको म्हणा.

२. काळा पडदा असताना दुकानातला दिवा बंद करायला सांगा. कडेने थोडा उजेड दिसतोच, पण मोठे पांढरट डाग असतील तर पडदा दबलेला असू शकतो.

३. आडवी किंवा उभी रेघ, एका बाजूला पिवळेपणा, मधूनच लुकलुकणं बघा. एकच बारीक रेघ असली तरी ती पुढे वाढू शकते.

४. मराठीत चार ओळी टाइप करा. अनुस्वार, रफार, जोडाक्षरं स्वच्छ दिसली पाहिजेत. धूसर दिसली तर डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये जाऊन रिझोल्यूशन 'रेकमेंडेड' वर आहे का ते बघा. रोज तासन्‌तास वाचायचंय, डोळे आपले आहेत.

दोष मॉनिटरचा की कार्डाचा?

पडद्यावर रेघ किंवा ठिपके दिसले, तर मॉनिटरच्या खालचं किंवा मागचं मेनूचं बटण दाबा. तो मेनू मॉनिटर स्वतः दाखवतो, कॉम्प्युटरकडून येत नाही. खराबी मेनूवरूनही गेलेली दिसली, तर दोष बहुतेक मॉनिटरचा. मेनू स्वच्छ आणि मागचं चित्र खराब असेल, तर आधी केबल बदलून बघा. तरीही तसंच असेल तर मॉनिटर दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडा. तिथे चित्र नीट आलं तर कार्डावर संशय घ्या.

कार्डाची तपासणी

पहिल्यांदा सीपीयूच्या मागे बघा. मॉनिटरची केबल वरच्या भागात, यूएसबीच्या शेजारी लावलेली असेल, तर चित्र बहुधा आतल्या ग्राफिक्सवरून येतंय. वेगळ्या कार्डाची जागा सहसा त्याच्या खाली, आडव्या पट्टीवर असते. केबल तिथेच लावून तपासणी करा.

मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्समध्ये जीपीयू वर गेलात की कार्डाचं नाव दिसतं. सांगितलेलं नाव आणि हे नाव जुळलं पाहिजे. पण जुन्या कार्डावर नव्या कार्डाचं नाव चढवून विकण्याचे प्रकार होतात. जीपीयू-झेड नावाचं मोफत सॉफ्टवेअर एनव्हिडियाचं असं बनावट कार्ड ओळखलं तर नावाआधी 'फेक' लिहून दाखवतं.

आता कार्डाला जोर लावा. युनिजिन हेवन किंवा फरमार्क यांपैकी एक मोफत चाचणी पंधरा मिनिटं चालू ठेवा आणि तपमान बघत राहा. ८० ते ८५ अंशांच्या आत येऊन थांबलं तर ठीक. ९० च्या पुढे चढतच गेलं, रंगीत चौकोन दिसले, पडदा काळा झाला किंवा कॉम्प्युटर आपोआप बंद पडून सुरू झाला, तर घेऊ नका. दुकानात एसी असेल तर आपल्याकडच्या मे महिन्यात आकडा आणखी वाढणार, हेही धरून चला.

एक गोष्ट लक्षात ठेवा. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाची पद्धत बदलली आणि ग्राफिक्स कार्डांवर चालणारं त्याचं 'मायनिंग' थांबलं. त्यानंतर रात्रंदिवस चाललेली अनेक कार्डं जुन्या बाजारात आली. अशी सगळीच खराब नसतात, पण पंखा घासलेला असू शकतो. पंख्याचा खरखर आवाज येतोय का, कान देऊन ऐका.

पैसे देण्याआधी

- किमान दोन-तीन दुकानांचे भाव लेखी घ्या आणि गटाच्या बैठकीत ठराव करा.
- खरेदीला दोघी जणी जा. एक बघेल, एक लिहून ठेवेल.
- विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. या कॉम्प्युटरवर विंडोज ११ चालतं का, ते विचारा.
- पक्क्या बिलावर मॉनिटर आणि कार्डाचं मॉडेल, सिरीयल नंबर आणि वॉरंटीचे दिवस लिहून घ्या. तोंडी वॉरंटी धरू नका. पुढे वाद झालाच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करता येतो, आणि तिथे बिलच कामाला येतं.

या सगळ्याला तासभर लागतो. दुकानदार "ताई, एवढं कशाला बघताय" म्हणाला तरी उठू नका. ज्याचा माल चांगला आहे तो तपासू देतो. तपासूच देत नसेल, तर तेच आपलं उत्तर समजा आणि पुढच्या दुकानात जा. हे पान कापून खरेदीला जाताना सोबत न्या.

– क्षेत्र समन्वयक, वैजापूर