गोळी फुकट आहे, पण पाकीट दारात घेणार कोण?

इंग्लंडमध्ये १९७४ सालापासून संततिनियमनाची साधनं सरकारी आरोग्यसेवेतून सगळ्यांना मोफत मिळतात. आता तर तिथल्या काही भागांत इंटरनेटवर प्रश्नावली भरायची, वजन आणि रक्तदाब कळवायचा, की काही महिन्यांच्या गोळ्या साध्या पाकिटातून पोस्टानं घरपोच येतात. तिथं राहणाऱ्या भाचीनं हे सांगितलं तेव्हा मला फार कौतुक वाटलं. आमच्या महिला मंडळात ही गोष्ट काढली, तर एकीनं पटकन विचारलं, "ते सगळं ठीक आहे काकू, पण पाकीट दारात घेणार कोण?"

खरंच आहे की! आमच्या प्रताप नगरात कुरियरवाला आला की फाटकाशी आधी पोचतात त्या सासूबाई. "काय मागवलं गं?" हा प्रश्न पाकिटाबरोबरच घरात येतो. जे तिकडे खाजगी, ते आपल्याकडे घरभर! शिवाय आपल्याकडच्या ऑनलाइन औषध दुकानांत या गोळ्यांना पैसे पडतात, आणि ऑर्डरचा निरोप बहुतेक नवऱ्याच्याच मोबाइलवर येतो.

गंमत म्हणजे फुकट गोळी आपल्याकडेही आहे, तीही कितीतरी वर्षांपासून. तिचं नाव माला-एन. दुकानात विकत मिळते ती माला-डी. दोन्हींतलं औषध तेच. प्राथमिक आरोग्य केंद्रात, शहरातल्या नागरी आरोग्य केंद्रात, सरकारी रुग्णालयात ती मोफत मिळते. नागपूरकरांना गांधीबागेतलं डागा रुग्णालय माहीतच आहे. घरपोच सोयही झाली आहे बरं! २०११ साली केंद्र सरकारनं आशाताईंमार्फत गोळ्या आणि निरोध घरी पोचवायची योजना काढली. गोळ्यांच्या पाकिटामागे आशाताईंनी फक्त एक रुपया घ्यायचा असं त्यात ठरलं होतं. खेड्यात आणि शहरातल्या वस्त्यांत आशाताई जातात, पण बंगले-फ्लॅटच्या कॉलनीत त्यांची फेरी सहसा होत नाही. मध्यमवर्गीय बाईला सगळं माहीत असतं, असं गृहीत धरलं जातं. मला विचाराल तर सगळ्यात कमी माहिती तिलाच असते, कारण ती कोणाला विचारत नाही.

आमच्या भागात ब्लाऊज शिवणारी एक जण आहे. दोन लेकरं, तिसरं नको. नवरा निरोध वापरायला तयार नाही आणि तिला इतक्यात ऑपरेशन करायचं नाही. ती मेडिकलमधून ७२ तासांच्या आत घ्यायची ती गोळी आणायची, कधी महिन्यातून दोनदा, कधी तीनदा. पाळीचं वेळापत्रक पार बिघडलं होतं. ती गोळी अडीअडचणीची आहे, रोजच्या संसाराची नव्हे, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. "विचारू कोणाला जी? दुकानात चार माणसं उभी राहतात," ती म्हणाली. मी तिला आरोग्य केंद्रात घेऊन गेले. माला-एन मिळेल असं आम्ही धरून चाललो होतो, पण तिथल्या सिस्टरनं आधी रक्तदाब मोजला. तो वाढलेला निघाला! अशा बाईला माला-एन चालत नाही. पस्तिशीपुढच्या तंबाखू ओढणाऱ्या बाईला चालत नाही, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ होऊन गेली असेल तर चालत नाही, बाळ सहा महिन्यांच्या आतलं आणि अंगावर पीत असेल तरी नाही. घरबसल्या गोळी मागवताना हे कोण तपासणार?

डॉक्टरांनी तिची तपासणी करून छाया ही गोळी दिली. ही गोळी आपल्या लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झाली. दुकानात ती सहेली नावानं मिळते. २०१६ पासून सरकारी कार्यक्रमात ती छाया म्हणून मोफत आहे. तिच्यात हार्मोन नाहीत, अंगावर पाजणाऱ्या आईलाही चालते. पहिली गोळी पाळीच्या पहिल्या दिवशी, मग तीन महिने आठवड्यातून दोनदा ठरलेल्या वारी, त्यानंतर आठवड्यातून एकदाच. सुरुवातीला पाळी लांबू शकते, त्यानं बायका घाबरतात. कावीळ होऊन गेलेल्यांनी किंवा अंडाशयात गाठी असणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना ते आधी सांगायचं. शिवणाऱ्या बाईनं सोमवार आणि गुरुवार धरले. गोळ्यांचं पाकीट मशीनच्या खणात, रिळांच्या खाली असतं.

हा विषय आपल्याकडे नवा नाही. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि त्यापायी विल्सन कॉलेजातली नोकरी गमावली. १९३८ साली डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या रोहम यांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला, तो फेटाळला गेला. पुढे सरकारनंच कार्यक्रम हाती घेतला, पण भार कोणावर पडला ते बघा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांनी ऑपरेशन केलेलं होतं, गोळी घेणाऱ्या ५.१ टक्के, आणि पुरुषांची नसबंदी ०.३ टक्के! यावर मी काही बोलत नाही, आकडेच बोलतात.

सांगायचं ते असं. केंद्रात जाऊन "पाळणा लांबवायचा आहे" इतकं म्हटलं तरी सिस्टरला कळतं. माला-एन पाळीच्या पहिल्या पाच दिवसांत सुरू करावी. पाकिटात २८ गोळ्या, त्यातल्या शेवटच्या सात तपकिरी गोळ्या लोहाच्या. त्या फेकू नका, कारण त्या घेत राहिलं की नवं पाकीट वेळेवर सुरू होतं. एक गोळी राहिली तर आठवल्याबरोबर घ्या, पुढची तिच्या वेळेला. दोन-तीन राहिल्या तर सात दिवस निरोध वापरा आणि सिस्टरला विचारा. रोजची गोळी लक्षात राहत नसेल, तर तीन महिन्यांनी एकदा घ्यायचं अंतरा इंजेक्शनही मोफत आहे. मोबाइल हातात असेल तर ई-संजीवनीवर सरकारी डॉक्टर फुकट सल्ला देतात, औषध मात्र घरी येत नाही. आणि एक, गर्भ पाडायच्या गोळ्या इंटरनेटवरून किंवा ओळखीच्या दुकानातून मुळीच मागवू नका. ते काम डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवं, कायदाही तेच सांगतो. जाताना शेजारणीला सोबत घ्या. बहुतेकदा तिलाही तिथं जायचंच असतं.