साडेचार गुंठ्यांचा खेळ

पंचवटीत आमच्या समोरच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत, दोन वर्षं एक निळं बिनबाह्यांचं कापड वाळत असे. त्यावर वीतभर उंचीची इंग्रजी अक्षरं होती : डब्ल्यूडी. गंजलेल्या कड्यांवर मारतात त्या स्प्रेची ही जाहिरात असावी, अशी माझी समजूत होती. एकदा जिन्यात ती मुलगीच भेटली तेव्हा विचारलं. ती तेव्हा अकरावीत होती. म्हणाली, "काका, ते मैदानावरचं माझं नाव आहे. विंग डिफेन्स. मी नेटबॉल खेळते."

पुढे बारावी झाली आणि ते कापड दोरीवरून नाहीसं झालं. खेळ सोडलास का, असं विचारल्यावर तिने उलट मलाच विचारलं, "आता खेळणार कुठे?" शाळेत, मग कनिष्ठ महाविद्यालयात, संघ होता, सर होते, स्पर्धा होत्या. वयोगट संपला आणि ते सगळंच संपलं. हा खेळ इतर देशांत पन्नाशीच्या बायकाही शनिवारी सकाळी खेळतात, हे मी तेव्हा वाचू लागलो होतो. तिच्या प्रश्नाचं उत्तर शोधायचं, तर खेळाच्या इतिहासात शिरणं भाग होतं.

त्या इतिहासाची सुरुवात पुरुषांच्या खेळापासून होते. डिसेंबर १८९१. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड गावी वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेत जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकापुढे अठरा कंटाळलेले तरुण होते आणि बाहेर बर्फ होता. त्याने व्यायामगृहाच्या सज्जाला दोन्ही बाजूंना पीचची फळं ठेवायच्या टोपल्या ठोकल्या, तेरा नियम लिहिले आणि बास्केटबॉल जन्माला आला. त्या सज्जाचा कठडा जमिनीपासून दहा फुटांवर होता. हा आकडा लक्षात ठेवावा, पुढे लागणार आहे.

पुढच्याच वर्षी स्मिथ कॉलेजच्या सेंडा बेरेन्सन यांनी हा खेळ मुलींना शिकवला. लांब घेरदार झगे आणि त्या काळच्या डॉक्टरांची मतं, दोन्ही सांभाळायची होती. त्यांनी मैदानाचे तीन भाग केले आणि प्रत्येकीला आपल्या भागात बांधून टाकलं. न्यू ऑर्लिन्सच्या क्लारा बेअर यांची गोष्ट याहून मजेदार आहे. त्यांनी नेस्मिथकडून नियम आणि आकृती मागवली. कोणत्या खेळाडूने साधारण कुठे उभं राहावं हे दाखवायला त्याने आकृतीत रेघा काढल्या होत्या. बाईंना वाटलं, या रेघा ओलांडायच्या नाहीत! गैरसमजातून निघालेला नियमही टिकू शकतो, याचं हे चांगलं उदाहरण.

इंग्लंडमध्ये हा खेळ १८९३ साली पोचला. मार्टिना बेर्गमन-ऑस्टरबेर्ग या स्वीडनमधून आलेल्या बाईंनी लंडनच्या हॅम्पस्टेडमध्ये मुलींसाठी शारीरिक शिक्षणाचं महाविद्यालय चालवलं होतं. १८९५ मध्ये ते डार्टफर्डला गेलं. तिथे खेळ व्यायामगृहातून हिरवळीवर आला. हिरवळीवर चेंडू नीट उसळत नाही, त्यामुळे तो टप्पे देत पळवणं जमेना. टोपल्यांच्या जागी कडी आणि जाळी आली, मागची फळी राहिली नाही. १९०१ साली नियमांचं छोटं पुस्तक निघालं, त्याच्या प्रती अवघ्या २५०. ऑस्टरबेर्गबाईंच्या विद्यार्थिनी शिक्षिका होऊन ब्रिटिश साम्राज्यभर पांगल्या आणि खेळ त्यांच्याबरोबर गेला.

आता खेळ कसा चालतो ते थोडक्यात सांगतो. एका बाजूला सात जणी. मैदान ३०.५ मीटर लांब, १५.२५ मीटर रुंद, आडवे तीन सारखे भाग. दोन्ही टोकांना ३.०५ मीटर उंचीचा खांब, त्यावर कडी, आणि खांबासमोर ४.९ मीटर त्रिज्येचं अर्धवर्तुळ. चेंडू घेऊन पळायचं नाही, टप्पे द्यायचे नाहीत, तीन सेकंदांच्या आत तो दुसरीकडे गेला पाहिजे. चेंडू जिच्या हातात आहे तिच्यापासून ०.९ मीटर, म्हणजे साधारण दोन हात, लांबूनच अडवायचं. गोल फक्त दोघीच करू शकतात, आणि त्याही अर्धवर्तुळातूनच. प्रत्येकीच्या अंगावर तिच्या जागेची अक्षरं असतात, कारण कोणी कुठे जायचं हे त्यावरून ठरतं. आमच्या डब्ल्यूडीला मैदानाचा मधला भाग आणि स्वतःच्या बाजूचा भाग मोकळा. पण गोलासमोरच्या अर्धवर्तुळात पाऊल टाकायचं नाही, आणि समोरचा भाग तर पूर्ण बंद.

हे ऐकून बास्केटबॉलवाले नाक मुरडतात. बायकांना जखडण्यासाठी केलेला खेळ, असा एक जुना आक्षेपही आहे आणि जन्मकथा पाहता तो खोटा म्हणता येणार नाही. पण आपण खो-खोवाल्यांनी तरी तो जपून घ्यावा. पाठलाग करणाऱ्याने मधली रेघ ओलांडायची नाही, एकदा दिशा धरली की खांबापर्यंत मागे वळायचं नाही. या बंधनांतूनच खो-खोची सगळी अक्कल तयार होते. कबड्डीत तर श्वासच बांधलेला. नेटबॉलमध्ये एकटीने सामना मारता येत नाही. कितीही वेगवान मुलगी असली, तरी रेघेपाशी तिला थांबावंच लागतं आणि चेंडू दुसरीच्या हातात द्यावा लागतो. नाजूकपणाच्या कल्पनेतून आलेला नियम शंभर वर्षांत खेळाचा कणा झाला.

पण नियमांपेक्षा मला जास्त महत्त्वाचं वाटलं ते मैदान कोणी राखलं, हे. इंग्लंडमध्ये शाळेतून बाहेर पडलेल्या मुली कारखान्यांत, कचेऱ्यांत कामाला लागल्या, आणि कामानंतरच्या संध्याकाळी डांबरी अंगणात खेळू लागल्या. असे गट, क्लब आणि संघ एकत्र येऊन १९२६ साली अखिल इंग्लंड संघटना उभी राहिली. न्यूझीलंडमध्ये १९०६च्या सुमारास जेमिसन नावाच्या पाद्र्याने हा खेळ नेला, आणि १९२४ साली तिथे जगातली पहिली राष्ट्रीय संघटना झाली. तिकडे १९७०पर्यंत त्याचं नाव 'बायकांचा बास्केटबॉल' असंच होतं. शहराच्या एखाद्या पटांगणात ओळीने मैदानं आखलेली, शनिवारी सकाळी पाळ्या लावलेल्या. क्लबाने आपला संघ आणायचा तसा पंचही आणायचा. मध्यंतरात संत्र्याच्या फोडी. आठ वर्षांची मुलगी एका मैदानावर, आई दुसऱ्यावर, आजी गुणपत्रक लिहायला. इंग्लंडच्या संघटनेने २०१० पासून 'पुन्हा नेटबॉलकडे' अशा अर्थाच्या नावाने, शाळेनंतर खेळ सुटलेल्या बायकांसाठी वर्ग चालवले. म्हणजे खेळ सुटणं तिथेही होतंच. पण परत यायला दार होतं.

आपल्या शेजारचं उदाहरण श्रीलंकेचं. देशोदेशीचे वेगवेगळे नियम एक करण्यासाठी १९६० साली प्रतिनिधी जमले ते सिलोनमध्ये. तिथूनच आंतरराष्ट्रीय संघटना निघाली आणि १९६३ साली इंग्लंडच्या ईस्टबोर्न गावी पहिली जागतिक स्पर्धा झाली. श्रीलंकेत शाळेनंतर बँका आणि कंपन्यांचे संघ मुलींना उचलतात. जाफना भागातली तर्जिनी शिवलिंगम ही सहा फूट दहा इंचांची खेळाडू एका बँकेकडून खेळत मोठी झाली आणि २०१८ साली तिच्या देशाने आशियाई विजेतेपद मिळवलं.

आपल्याकडे नेटबॉलची वाट उलटी आहे. भारतीय महासंघ १९७८ सालचा. आधी देशाची संघटना, मग राज्यांच्या, मग जिल्ह्यांच्या, आणि तिथून शालेय स्पर्धांत. (आपल्याकडे मुलगेही हा खेळ खेळतात, हे ऐकून जुन्या इंग्रज शिक्षिकांना नवल वाटलं असतं.) खेळ वरून खाली आला, आणि आला तो प्रमाणपत्राच्या हाताला धरून. महाराष्ट्रात खेळाडूंना शासकीय नोकऱ्यांत ५ टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला सवलतीचे गुण आहेत. या कागदाला मी नावं ठेवणार नाही. त्याच्यामुळेच कितीतरी मुलींना सराव संपेपर्यंत घराबाहेर राहायची परवानगी मिळते. "गुण मिळतात ना, मग जाऊ दे," हे वाक्य आमच्या जिन्यात मी स्वतः ऐकलं आहे. पण कागदाचं काम एकोणीस वर्षांखालच्या गटापाशी संपतं, आणि त्यापुढे गल्लीत कोणी वाट पाहत नसतं.

२०१० साली दिल्लीला राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या तेव्हा यजमान म्हणून भारताचा नेटबॉल संघही उतरला होता. त्यागराज संकुलात न्यूझीलंडने ऑस्ट्रेलियाला ६६-६४ असं हरवलं, दोनदा जादा वेळ द्यावा लागला, इतका तो अंतिम सामना रंगला. नाशिकला मात्र त्या स्पर्धा आठवतात त्या सावरपाड्याच्या कविता राऊतमुळे. दहा हजार मीटरमध्ये तिचं कांस्यपदक आलं, आणि ते योग्यच. फक्त एक फरक आहे. धावायला रस्ता पुरतो, एकटीलाही धावता येतं. नेटबॉलला सात आणि सात, चौदा जणी लागतात, त्याही एकाच वेळी मोकळ्या असलेल्या.

महाराष्ट्राला मंडळ चालवता येत नाही असं मात्र कोणी म्हणू नये. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली खो-खोचे नियम बांधले तेव्हा खेळ गावोगाव आधीपासून होता. संघटना मागून आली. कबड्डीची मंडळं तर दोन बांबूंवर दिवे टांगून उभी राहिली. इथे पंचवटीत शनी चौकातली पेशवेकालीन रहाड आजही रंगपंचमीला उघडते; वर्षभर बुजवलेला तो हौद कोणत्या खात्याने नव्हे, चौकानेच जपला. पण तालमी आणि मंडळं पुरुषांची. बाईने तिथे जाणं सोडाच, समोरून जाताना पदर सावरून जायचं. खो-खोच्या राष्ट्रीय स्पर्धेत महिलांचा गट पहिल्यांदा आला तो १९६०-६१ साली, कोल्हापूरला. त्यानंतर मुलींची खो-खो मंडळं वाढली, आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या पहिल्या विश्वचषकात भारताच्या महिला संघाची कर्णधार प्रियांका इंगळे ही महाराष्ट्राचीच होती. पहिल्या गटापासून इथवर चौसष्ट वर्षं लागली.

कडी आणि चेंडूच्या खेळाने वस्तीत घर केल्याचं आपल्याकडचं उदाहरण मुंबईत नागपाड्याला सापडतं. क्लिफर्ड मॅन्सहार्ट या अमेरिकी पाद्र्याने १९२७ साली तिथे नेबरहूड हाउस सुरू केलं. टाटांची समाजकार्याची संस्था १९३६ साली याच वास्तूत सुरू झाली. त्या दाटीवाटीच्या वस्तीत, मस्तान तलावाच्या मैदानाभोवती, बास्केटबॉल रुजला. अब्बास मुंतसिर इथलेच. भारताचे कर्णधार झाले, १९७०चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. तिथल्या पोराला खेळाडू व्हायला शाळेच्या संघात निवड लागत नव्हती. मैदान घराखाली होतं आणि मोठी मुलं तिथे रोज येत होती. क्लब म्हणजे मुळात एवढंच : ठरलेली जागा, ठरलेली वेळ, आणि आपल्याहून दहा वर्षांनी मोठं कोणीतरी.

पंचवटीत हिरावाडीला विभागीय क्रीडा संकुल आहे, मीनाताई ठाकरे यांच्या नावाचं बंदिस्त सभागृह आहे. ही सोय मोठी आहे. पण संकुलात स्पर्धेला जातात. रोज संध्याकाळी चप्पल घालून जायला गल्लीजवळची जागा लागते. मी हिशेब केला. नेटबॉलचं मैदान ४६५ चौरस मीटर, म्हणजे साडेचार गुंठ्यांहून जरासं जास्त. खो-खोलाही सव्वाचार गुंठे लागतातच. भोवतीची पळायची जागा धरली तर पावणेआठ होतात, पण सरावाला साडेचारात भागतं. लाकडी तक्तपोशी नको, फळी नको. आणि इथे रिकामी जागा म्हटली की तिच्यावर आधीच कोणाचा तरी डोळा असतो : लग्नाचा मांडव, गाड्या, दर बारा वर्षांनी सिंहस्थ. तपोवनाकडे तर साधुग्रामाचा हिशेब सगळ्यांच्या आधी. मुलींच्या खेळाचा नंबर त्या रांगेत लागायचा तर आधी कोणीतरी रांगेत उभं राहायला हवं.

गेल्या दिवाळीनंतर आमची डब्ल्यूडी उभी राहिली. तिच्या शाळेचे खांब अडगळीत पडले होते. मागून पाहिले, मिळाले नाहीत. जुन्या मैत्रिणी धरून सहा जणी जमल्या, सातवी तिची मावशी, वय एकेचाळीस, जी पूर्वी खो-खो खेळायची. ओळखीतल्या एका गृहस्थांचा मोकळा भूखंड बांधकाम सुरू होईपर्यंत संध्याकाळी वापरायला मिळाला. पावलं टाकून मोजला. लांबीला दोन मीटर कमी पडतात. चालेल म्हणाल्या.

खांब करायला मी तिच्याबरोबर दिंडोरी रोडवर फॅब्रिकेशनवाल्याकडे गेलो. तिने कागदावर काढून दिलं : उंची दहा फूट, कडी पंधरा इंचांची. तो म्हणाला, "दहाच का? नऊ केलं तर पोरींना सोपं जाईल की." मी त्याला स्प्रिंगफील्डचा सज्जा, टोपल्या, बर्फ, सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, टेप गुंडाळला आणि म्हणाला, "बरं आहे मग. वीस फुटी पाइपाचे बरोबर दोन तुकडे होतात, वाया काही जात नाही. शुक्रवारी या."